कोठीच्या तळाचं तेल

पहिलं पिलू आडवं पडलेलं दिसलं तेव्हा मला वाटलं, ते झोपलं आहे. बटेराचं दोन आठवड्यांचं पिलू म्हणजे मोठ्या लिंबाएवढं. ते कुशीवर पडलं होतं, मान पाठीकडे वळली होती आणि पाय सायकल चालवल्यासारखे हवेत हलत होते. हातात घेऊन उभं केलं, तर पुन्हा त्याच कुशीवर गेलं. दुपारपर्यंत अशी चार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा.

माझी सासू, जिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, पिंजऱ्यापाशी येऊन उभी राहिली. "वारं लागनं येस्ले," एवढं म्हणून ती आत गेली. मी मात्र वाऱ्यावर विश्वास ठेवणारी नव्हते. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, माझ्या माहेरच्या घरातली पहिली पदवीधर. कारण शोधायचंच, असं मी ठरवलं. पण शोधायला निघाले ती कारण नव्हे, माणूस. त्यातून जो माणूस माझ्या हाती लागला, त्याच्यामुळेच मी पदवीधर झाले होते.

अमळनेरहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी तीन वर्षांपासून बटेर पाळते. रानात ज्वारीत फडफडणारे लावे असतात, त्यांच्याच जातीतला हा जपानी पक्षी. कोंबडीपेक्षा जागा कमी लागते, सहा-सात आठवड्यांत अंडी सुरू होतात. अंडी ठिपक्याठिपक्यांची, शाई उडाल्यासारखी. धुळ्याला एक प्रशिक्षण झालं होतं, तिथे शिकवणाऱ्या सरांनी खाद्यात थोडं वनस्पती तेल मिसळायला सांगितलं होतं. उन्हाळ्यात पक्षी कमी खातात, तेव्हा कमी खाण्यातच जास्त ताकद मिळावी, आणि मक्याच्या भरडीची धूळही खाली बसावी. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. घरी येऊन मक्याची भरड, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा आणि त्यावर शेडमधल्या कोठीतून मोजून काढलेलं सोयाबीनचं तेल, असं सुरू केलं. पक्षी चकाकायला लागले.

अक्काला ते पटलं नव्हतं. "मानसं फोडनीले पळी मोजतस, अन् पाखरं तेल पेतस," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. ती हसून सांगायची, पण सांगायची.

पिलं पडायला लागली ती आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या, आठवड्यात. तालुक्याच्या दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. त्यांनी एक पिलू तळहातावर घेतलं, त्याची मान सरळ केली, ती पुन्हा मागे गेली.

"रोगाचं दिसत नाही हे," ते म्हणाले. "खाद्यात काय काय घालता?"

मी सगळं सांगितलं. तेलाचं नाव काढताच त्यांनी मान हलवली.

"तेल बिघडलं असेल. बिघडलेल्या तेलाने ई जीवनसत्त्व मरतं, आणि पिलांच्या मेंदूवर येतं. ते तेल आजच बंद करा. हे औषध पाण्यातून द्या. पडलेली उठतील याची खात्री नाही, उभी असलेली तरी वाचतील."

ते गेले आणि मी शेडच्या दारात उभी राहून एकाच गोष्टीचा विचार करू लागले. तेल बिघडलं असेल तर ते कोणी बिघडवलं?

पहिला संशय अक्कावर गेला. आज हे लिहितानाही मला ते वाक्य दोनदा वाचावं लागलं, पण खरं आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात. माझ्या दोन्ही नणंदा आल्या होत्या. दोन दिवस घरात सांजोऱ्या आणि कुरडया तळल्या जात होत्या. सण झाल्यावर कढईत तळणाचं काळपट तेल बोट-दीड बोट उरलं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिसऱ्या दिवशी कढई घासून पालथी घातलेली होती. ते तेल गेलं कुठे? अक्का काहीच टाकत नाही. फाटक्या पातळाची चिंधीही टाकत नाही. पाखरं तेल पितातच, मग त्यांच्याच कोठीत ओतू, असं तिला वाटलं नसेल कशावरून?

मी सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, तळणाचं तेल काय केलं हो?"

"झोकाना कड्यासले लावं. करकर करी ऱ्हायंता."

आखाजीसाठी ओसरीच्या आढ्याला झोका बांधतात, तो अजून सोडला नव्हता. अक्का मागच्या अंगणात गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि झोक्याच्या कडीवरून बोट फिरवलं. बोट काळं आणि तेलकट झालं. खाली उतरून वळते तर अक्का दारात उभी.

"निंघनं का तेल?" तिने विचारलं.

मी बोट पुसलं. ती म्हणाली, "दुसरी कडी बी दखी ले. तिले बी लायेल शे." आणि दोन दिवस तिने माझ्या हातचा चहा घेतला नाही.

अक्का सुटली. मग उरले शेठ.

शेठ म्हणजे अमळनेरच्या बाजारातले तेलाचे दुकानदार. मागे त्यांची छोटी गिरणी, पुढे दुकान. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. ते स्वतः मात्र आमच्यापेक्षा चांगली अहिराणी बोलतात. माझे वडील त्यांच्याकडे शेंगा घेऊन यायचे. मी अमळनेरला कॉलेजला जायला लागले तेव्हा प्रॅक्टिकल संपायला उशीर व्हायचा आणि गावाकडची एसटी सुटून जायची. पुढची गाडी दीड-दोन तासांनी. स्टॅंडवर एकटी पोरगी उभी राहते, हे गावात कोणीतरी वडिलांच्या कानावर घातलं. दुसऱ्या वर्षाला वडिलांनी शिक्षण बंद करायचं ठरवलं आणि ते शेठना सहज बोलून गेले. शेठ म्हणाले होते, "नाना, पोरले मन्हा दुकानमा बसाडी दे. गाडी ऊनी का मी आवाज देसू. शिक्षन कसाले बंद करस?"

त्या दिवसापासून तेलाच्या डब्यांच्या रांगेशेजारी एक लोखंडी घडीची खुर्ची माझी झाली. दोन वर्षं मी त्या खुर्चीत बसून अभ्यास केला. माझी सगळी जर्नलं तेलाच्या बोटांची. मी दारात दिसले की शेठ गल्ल्यावरून ओरडायचे, "काय कॉलेज, गाडी गई का?" ते मला नावाने कधी बोलवत नसत, कॉलेजच म्हणायचे. गिऱ्हाइकाने फार आवाज केला तर म्हणायचे, "हळू बोल रे, कॉलेज चालू शे."

आता तेच शेठ. सोयाबीन तेलाचे पंधरा लिटरचे डबे मी त्यांच्याकडूनच आणत होते. मी कधी झाकण उघडून वास घेतला नव्हता. बापाच्या घरचं दूध कोणी हुंगून पितं का, तसं मला वाटायचं. आणि आता उलटं वाटायला लागलं. मी तपासत नाही हे त्यांना माहीत होतं. पक्ष्यांसाठी नेते हेही माहीत होतं. पाखरं थोडीच तक्रार करणार आहेत?

एकदा हा विचार आला आणि सगळं त्यातच बसायला लागलं. मागच्या खेपेला त्यांनी डबा स्वतः उचलून रिक्षात ठेवला होता. इतकी घाई का? दुकानाच्या मागे पामतेलाचे डबे दिसले होते. ते कोणासाठी? मी आमच्या कोठीतलं तेल बाटलीत घेऊन फ्रीजमध्ये ठेवलं. पामतेल मिसळलेलं असेल तर थंडीत गोठतं, हे मला ठाऊक होतं. सकाळी पाहिलं तर तेल पातळच. दुसऱ्या कोणाला यावरून सुटल्यासारखं वाटलं असतं. मला वाटलं, म्हणजे पामतेल नाही, दुसरं काहीतरी आहे. न गोठणारं.

माझा नवरा म्हणाला, "अगं, जाऊन विचार ना त्यांना."

"चोर सांगतो का, मी चोर म्हणून?"

"चोर?" तो एवढंच म्हणाला आणि मोटर चालू करायला शेतात गेला.

तो शब्द माझ्या तोंडून घरात निघाला होता. दोन दिवसांनी तो वेगळ्या शब्दांत बाहेरही निघाला. आमच्या बचत गटातल्या आठ जणी माझ्याकडून पिलं नेणार होत्या. त्यांनी पिंजरे बांधून ठेवले होते. त्या अंगणवाडीच्या ओट्यावर जमल्या आणि पिलं कधी देतेस म्हणून विचारायला लागल्या. मला सांगावं लागलं की निम्मी मेली. का मेली, या प्रश्नावर मला वाटतं मी गप्प बसू शकले असते. पण आठ जणी माझ्याकडे पाहत होत्या, आणि या कामात जाणकार म्हणून मला मिरवायची सवय लागली होती.

"तेल भेसळीचं होतं," मी म्हणाले. "अमळनेरच्या शेठने दिलेलं."

"तोच का, तुले खुर्ची देये तो?" एकीने विचारलं.

"हो, तोच."

"दखा माय! मीठं बोलनारा असाच ऱ्हातस," दुसरी म्हणाली. मी तिला अडवलं नाही. त्या आठ जणींपैकी एकीचा भाऊ अमळनेरच्या बाजारात हमाली करतो, हे मला ओट्यावरून उतरल्यावर आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी बाटली पिशवीत घातली आणि पहिल्या गाडीने अमळनेरला गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं. शेठनी मान वर केली. नेहमीची हाक नाही.

"बाटली आनी का?" ते म्हणाले.

मी बाटली आणली आहे हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. पण त्या हमालाकडून माझं बोलणं माझ्याआधीच पोचलं असावं, आणि भेसळ म्हणणारी बाई बाटली आणणारच, एवढं त्यांना कळत असणार. मी मान हलवली.

"बैस."

खुर्ची तिथेच होती. मी बसले नाही. एक म्हातारे गिऱ्हाईक होते, त्यांना शेठनी शांतपणे एक किलो शेंगदाणा तेल दिलं, पिशवीची गाठ मारून दिली, नातवाची चौकशी केली. मग ते माझ्याकडे वळले. माझ्या हातातून बाटली घेतली, उजेडात धरली, झाकण उघडलं. नाकाशी नेली आणि लगेच बाजूला केली.

"खराब शे," ते म्हणाले. बघा, मी म्हणत होते ना!

मग त्यांनी नोकराला आतून एक डबा आणायला लावला. "हाऊ आन् तुना डबा एकच दिन एकच गाडीमा उना. दखी ले." त्यांनी डब्यावरचे छापलेले आकडे दाखवले. माझ्या रिकाम्या डब्यावरचे आकडे मी फोटो काढून आणले होते, तेवढी मी तयारी केली होती. आकडे तेच होते. त्यांनी माझ्यासमोर सील फोडलं.

"डावा हात कर."

डाव्या तळहातावर त्यांनी नव्या डब्यातलं तेल घातलं, चमचाभर. उजव्यावर माझ्या बाटलीतलं. "आते चोय. मंग वास ले."

मी ज्या त्या हाताच्या बोटांनी तेल चोळलं आणि हुंगलं. डाव्या हाताला जवळजवळ वास नव्हता. कच्च्या सोयाबीनचा अगदी हलका. उजव्या हाताला जुन्या रंगाच्या डब्याचा वास होता, खिडकीच्या काचेला लावतात त्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा. आणि बोटं एकमेकांना चिकटत होती. इतके दिवस मी रोज ते तेल खाद्यावर ओतत होते. शेडमध्ये विष्ठेचा, पेंडीचा, पिलांचा असे इतके वास असतात की हा कळला नसावा. किंवा मी नाकाने काही पाहिलंच नव्हतं, सगळं डोक्याने पाहिलं होतं.

"वतस कसामा?" शेठनी विचारलं.

"स्टीलच्या कोठीत. नळ असलेल्या."

"कोठी ऱ्हास कोठे?"

"शेडमध्ये."

"पत्राखाले?"

"हो."

"रिकामी कवय करी व्हती?"

"रिकामी होऊच देत नाही मी," मी म्हणाले, आणि म्हणताना अभिमानाने म्हणाले. "थोडं उरलं की वरून नवीन ओतते. आमच्या घरी तेलाचं भांडं कोरडं पडू देत नाहीत."

शेठनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मागे बोट दाखवून म्हणाले, "आमनी टाकी दर खेपले रिकामी व्हस. मानूस कोरडा फडका लिसन आत उतरस. तवय नवं तेल." मग म्हणाले, "तू केमिस्ट्री लिसन बी.एस्सी. व्हयनी ना?"

तेलाला हवा, उजेड, उष्णता आणि जुनं खवट तेल लागलं की ते कसं खवट होतं, हे उत्तर मी परीक्षेत पूर्ण लिहिलं होतं. पाठ केलं होतं याच खुर्चीत बसून. मला त्या उत्तराखालची आकृतीही आठवली.

घरी येऊन मी कोठी अंगणात आणली. नळ तळापासून तीन बोटं वर होता, म्हणजे तीन बोटं तेल कधीच बाहेर येत नव्हतं. तीन वर्षं त्याचा खवटपणा वाढत गेला, आणि या उन्हाळ्यात तो पिलांना सोसला नाही. कोठी पालथी केली तेव्हा आधी तेल आलं, मग काकवीसारखं काहीतरी आलं, आणि शेवटचा थर आलाच नाही. तो उलथन्याने खरवडावा लागला. पिवळट तपकिरी, रबरासारखा. अक्का ओसरीवरून बघत होती. ती उठून आली, राखेचं भांडं माझ्याशेजारी ठेवलं आणि परत गेली.

मी माझ्या मायला फोन लावला. रागानेच लावला. म्हटलं, तूच शिकवलंस ना, तेलाची बरणी कोरडी पडू द्यायची नाही?

"हा, मंग? पळीभर काढी ठेवतस," माय म्हणाली.

"काढून ठेवायचं? कुठे?"

"वाटीमा. बरनी रिकामी करानी, राखघाई घासानी, उनमा वाळाडानी. मंग नवं तेल. वाटीमानं तेल देवना दिवाले." मग तिलाच आश्चर्य वाटलं. "तुले माहीत नही? दर अमावस्याना पहिले मी करू. हा, पन तू तवय कालेजले ऱ्हाये."

खरं होतं. मी सकाळच्या गाडीने जायची आणि दिवेलागणीला यायची. घासलेली बरणी पुन्हा भरलेली असायची. मला फक्त एवढंच दिसलं की ती कधी रिकामी नसते. मायची रीत मी अर्धीच उचलली होती, आणि त्या अर्ध्या रीतीवर धुळ्याचं प्रशिक्षण, कॉलेजचं रसायनशास्त्र आणि पंधरा लिटरचे डबे ओतत गेले होते.

त्या आठवड्यात गटाची बैठक नव्हती. मी घरोघर जाऊन आठही जणींना ओट्यावर बोलावलं. कोठी सोबत नेली, घासलेली. सगळं सांगितलं, तळाच्या थरासकट.

एकीने कोठीत डोकावून पाहिलं. मग त्यातली सगळ्यात वयस्कर बाई म्हणाली, "इतली शिकेल बाई, अन् कोठी धोवाले वेळ नही!" सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण जिचा भाऊ हमाल आहे ती हसली नव्हती.

"मंग शेठले चोर कोनी म्हनं?" तिने विचारलं.

"मीच म्हणाले. ते चुकीचं होतं. तुझ्या भावाला सांग, बाजारात सांग म्हणावं, की कोठी माझी होती आणि तेल चांगलं होतं."

"सांगसू," ती म्हणाली. "पन पहिली गोष्ट त्याले दोनदा सांगनी नही पडनी व्हती."

उभी असलेली पिलं बहुतेक वाचली. दोन-तीन पिलांची मान कायमची थोडी तिरकी राहिली. ती दाणा टिपताना आधी एका बाजूला बघतात आणि मग टिपतात. त्या खेपेची पिलं मी कोणाला दिली नाहीत. पुढच्या खेपेची दिली. आता मी लहान डबा आणते, तो घरात सावलीत ठेवते, खाद्य रोजचं रोज कालवते. अमावस्येच्या आदल्या दिवशी भांडं रिकामं करून घासते. पळीभर तेल अक्का दिव्यात घालते. ते घालण्याआधी ती माझ्यासमोर वाटी नाकाशी नेते, हे मुद्दाम असतं की नाही, ते मी विचारलेलं नाही.

महिन्याने मी पुन्हा अमळनेरला गेले. दारात उभी राहिले. शेठनी वर पाहिलं आणि म्हणाले, "या ताई."

मी माफी मागितली. वाक्यं घरून ठरवून नेली होती, त्यातली निम्मी विसरले. ते म्हणाले, "व्हस असं. जनावरं मरी ऱ्हायनात तर मानूस कोनवर बी जास." त्यांनी चहा मागवला, खुर्ची पुढे सरकवली, वडिलांच्या गुडघ्यांची चौकशी केली. राग कुठेच दिसला नाही. मग डबा आला. तो रिक्षात जाण्याआधी त्यांनी सील फोडलं आणि म्हणाले, "हात करा ताई. पहिले वास ल्या, मंग न्या."

मी म्हणाले, "शेठ, राहू द्या."

"नही नही. ल्या."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी तळहात पुढे केला, तेल चोळलं, हुंगलं. चांगलं होतं. मी तसं म्हणाले. मग शेजारच्या गिऱ्हाइकानेही हात पुढे केला, आणि शेठनी त्याच्याही तळहातावर घातलं.

तेव्हापासून दर खेपेला असंच होतं. मी खुर्चीत बसते, चहा पिते, ते डबा फोडतात, मी हात पुढे करते. कॉलेज अशी हाक त्यांनी मला पुन्हा मारलेली नाही. परतीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर हाताला अजून तेल असतं. पुसायला रुमाल असतो, पण मी आधी तळहात पुन्हा एकदा नाकाशी नेते. तेल चांगलंच असतं.